दहा दिवस नजरेखाली

मांजर चावली तेव्हा ती नवव्या नसेवर होती. म्हणजे बघा, मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, कुत्र्याला बारा, गाईला बारा, माणसालाही बाराच, आणि त्या ओळीनं पाठ यायला लागतात, मधली एक निसटली की पुढच्या सगळ्या घरंगळत जातात, आणि ही गेली तीन वर्षं त्या बारा जणींना ओळीत उभं करत होती, दात घासताना, जिना उतरताना, रस्ता ओलांडायला थांबलेली असताना, समोरचा माणूस काहीतरी विचारतोय आणि आपण हो हो म्हणतोय तेव्हासुद्धा. त्या गुरुवारी सकाळी दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर तिनं किल्लीवाल्याची मांजर टॉवेलात गुंडाळून धरली होती. डॉक्टरबाई मांजरीच्या कानामागचं गळू फोडत होत्या आणि ही मनात म्हणत होती, सहावी, सातवी, आठवी, आणि नववी आलीच नाही. जिथं नववी असायची तिथं नुसती मोकळी जागा, दात पडल्यावर जीभ जाते तशी. आणि मग तिच्या उजव्या हाताची बोटं सैल पडायला लागली, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. तिला ते दिसत होतं. शेजाऱ्यांचा नळ चालू राहिलेला जिन्यातून दिसावा आणि आत जाऊन बंद करावा असं वाटूच नये, तसं ती आपल्या हाताकडे बघत होती. मान मोकळी झाली, मांजर वळली, आणि अंगठ्याच्या खालच्या मऊ मांसात दात रुतले.

ही दवाखान्यात आल्यापासून तिला काहीही चावलेलं नव्हतं, हे सांगायला हवं, नाहीतर यात काय एवढं असं वाटेल. तिथं तिला पक्कड म्हणायचे. डॉक्टरबाईंनीच नाव ठेवलेलं. दोन परीक्षांच्या मधल्या रिकाम्या वर्षात अनुभव हवा म्हणून ती इथं यायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात एका पिसाळल्यागत उड्या मारणाऱ्या बोक्याला तिनं असं धरलं की बाई सुई हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या. "कुठं शिकलीस गं?" "बाबांकडून, मॅडम." तेव्हापासून कुठलंही अवघड जनावर आलं की आतून हाक यायची, पक्कड, ये गं. आणि आज पक्कडच सुटली. बाईंनी एका हातानं मांजर पिंजऱ्यात टाकली, दुसऱ्या हातानं हिला नळाकडे ढकललं आणि विचारलं, "काय झालं?" "उसळली एकदम," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, जशी वेळ सांगतात.

पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायचं असतं. ती घड्याळ बघत उभी राहिली, पाणी गार होतं, अंगठा ठणकायला लागला होता, आणि त्या ठणक्याच्या खालून हळूहळू काहीतरी वर आलं. बरं झालं. आधी तिला वाटलं पाण्याचंच बरं वाटतंय. मग कळलं, नाही, रविवारचं. पुढच्या रविवारी दहा वाजता पेपर होता. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा, तिसरी आणि शेवटची, कारण तीनदाच बसता येतं. पहिल्या वेळी अकरा मार्कांनी गेली होती, तेव्हा लोक म्हणाले, असू दे, पहिलीच वेळ. दुसऱ्या वेळी तीन मार्कांनी, आणि ते तीन त्या अकरापेक्षा फार वाईट निघाले, कारण तीन म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकायचे, तीनच ना, मग यंदा झालंच म्हणून समज. अकरा मार्कांनी नापास झालेल्याला लोक सोडून देतात, तीनवाल्याला नाही. आता उजवा हात गेला. हातच गेला म्हटल्यावर कोण काय बोलणार.

मांजरीला रेबीजची लस दिल्याचा कागद किल्लीवाल्याकडे नव्हता. अशा वेळी नियम असा, की चावलेलं जनावर दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. दहा दिवसांत त्याला काही झालं नाही तर चावलं तेव्हा ते निरोगी होतं असं धरतात, आणि मधेच आजारी पडलं तर मात्र, वाईट वाटलं तरी, मारून डोकं तपासणीला पाठवावं लागतं. गुरुवारपासून दहा दिवस मोजले तर रविवार येत होता. तोच रविवार. बाईंनी वही काढली, जनावर, मालक, कुणाला चावलं, चावण्याचं कारण, असे रकाने, आणि म्हणाल्या, "तूच लिही, तुझीच आहे केस." उजव्या हाताला पट्टी. डाव्यानं लिहायला बसली, अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी तिरकी, एकेका काना-मात्रेला घाम फुटत होता. शेवटच्या रकान्यापर्यंत येईस्तोवर ती दमली. 'गळू फोडताना दुखल्यामुळे' एवढं लिहायचं म्हणजे अर्धा तास. आणि तेही खरं नव्हतंच, गळू तर निम्मं फुटून झालं होतं. तिनं एकच शब्द लिहिला. विनाकारण.

घरी आईनं दार उघडलं, पट्टी बघितली आणि पहिला प्रश्न केला, "उजवा?" आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करते, हाताचं मोल तिला माहीत. मग खुर्ची ओढत म्हणाली, "परीक्षेत गोलच भरायचेत ना? डाव्यानं भर. उजव्यानं भरून दोन वर्षं काय उजेड पडला?" गोलच भरायचे होते. त्या गार पाण्याखाली वर आलेलं ते जे होतं, ते आईनं एका वाक्यात खाली ढकललं, आणि तरी ते पूर्ण बुडालं नाही, तळाशी बसून राहिलं. बाबा आतून आले, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, तिचा हात धरून खिडकीशी नेला, पट्टी सोडली आणि बराच वेळ बघत राहिले. चार भोकं होती, दोन वर, दोन खाली. त्यांनी अंगठा इकडून तिकडून हलवून बघितला, पुन्हा पट्टी बांधली, तिच्यापेक्षा कितीतरी नीट, आणि म्हणाले, "चांगलं धुतलंस." एवढंच.

बाबा सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, अडतीस वर्षं. ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारा, पण खरं काम धरायचं. ती आठ वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची आणि कोपऱ्यातल्या उलट्या बादलीवर बसून बघायची. टेबलाला दोन बाजू असतात हे तिला तिथं कळलं. एक पोटाकडची, तिथं डॉक्टर उभे राहतात, हातमोजे घालून, आणि एक डोक्याकडची, तिथं बाबा. जनावराला डॉक्टर दिसतच नाहीत, त्याला दिसतो तो फक्त धरणारा. ते सगळं दुखणं त्या जनावराच्या लेखी बाबाच देत असायचे, आणि तरी ते बाबांच्याच काखेत तोंड खुपसायचं. डॉक्टर बदलत गेले, एकाहून एक तरुण येत गेले, बाबांना अरे म्हणणारे, मग अहो म्हणणारे, मग काका म्हणणारे, बाबा आपले डोक्याकडेच. एकदा घोड्यानं हात चावला तेव्हा दोन बोटं बधिर झाली ती झालीच. संध्याकाळी घरी येताना ते म्हणायचे, तू त्या बाजूला उभी राहायचं हं. त्या बाजूला म्हणजे पोटाकडे. आठ वर्षांच्या पोरीनं हो म्हटलं. आठ वर्षांचं असताना माणूस कशालाही हो म्हणतं, आणि मग पुढे तो हो मोठा होत जातो, त्याला क्लास लागतात, पुस्तकं लागतात, भिंतीवर वेळापत्रक लागतं, आणि एक दिवस बघावं तर आपण त्या हो-च्या घरात भाड्यानं राहतोय.

खरं म्हणजे तिला जनावरांचं वेड आहे असं सगळे म्हणायचे आणि तीही म्हणायची, फॉर्मवर तर दोनशे शब्दांत लिहिलं होतं. पण गेलं वर्षभर पुस्तक उघडलं की तिला झोप नाही, तर एक वेगळंच काहीतरी यायचं, जड, ओल्या गोधडीसारखं. गाईच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याचा एक, कोंबडीचा खड्यांनी दाणे दळणारा. तिला कप्पे पाठ होते. तिला कंटाळा त्याचा नव्हता. पोटाकडच्या बाजूला उभं राहिल्याचं चित्र ती डोळ्यांसमोर आणायची आणि त्या चित्रात हातमोजे दिसायचे, दिवा दिसायचा, कापायची जागा दिसायची, फक्त ती दिसायची नाही. हे कुणाला सांगणार. तीन मार्कांनी राहिलेल्या पोरीनं असलं काही बोललं तर लोक म्हणतील कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

शनिवारी किल्लीवाला आला. दवाखान्याच्या दोन गल्ल्या पलीकडे त्याचं टपरीएवढं दुकान, बोटं कायम काळी. पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला आणि जाळीतून बोट घातलं. "काका, बोट नका घालू," ती म्हणाली. "का? मला पण चावेल म्हणता? सात वर्षं माझ्या मशीनशेजारी झोपते ताई, एवढा कर्रकर्र आवाज, हलत नाही. गिऱ्हाइकांची पोरं शेपटी ओढतात. चावली म्हणता तर चावली असेल, मी कुठं नाही म्हणतो. पण विनाकारण?" वहीतलं त्यानं वाचलं होतं, तिथंच टेबलावर उघडी पडलेली. "माणूस पण विनाकारण चावत नाही हो. माझी बायकोसुद्धा कारण काढते." तो हसला, मग एकदम हसायचा थांबला. ताटलीतलं मांजरीचं खाणं तसंच होतं, सकाळचं, कडा वाळलेल्या. "खात नाही का?" "नवी जागा आहे म्हणून." "हां," तो म्हणाला, आणि बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. जाताना त्यानं तो थोडा वाजवला. मांजरीचे कान वळले, बाकी काही हललं नाही.

रविवारी तिला रेबीजचं दुसरं इंजेक्शन. सोमवारी हात सुजून तळव्याची रेष दिसेनाशी झाली, औषधं सुरू झाली. ती क्लासला गेली, डाव्या हातानं गोल भरायचा सराव केला, शंभर गोल, एकही रेषेबाहेर नाही. घरी येऊन झोपली आणि उठली तेव्हाही दमलेलीच होती. रोज सकाळी दवाखान्यात जाऊन वहीत दिवसाचं लिहायचं, काय खाल्लं, काय प्याली, वागणं कसं. पाणी पिते. खात नाही. कोपऱ्यात बसते. हेच तिला स्वतःबद्दल लिहिता आलं असतं. आई रोज ताटाकडे बघून म्हणत होती, चिवडतेस काय, जेव ना. दोघी नजरेखाली होत्या, दोघींचा रविवारी निकाल, फरक एवढाच की मांजरीला कुणी यंदा नक्की म्हणत नव्हतं.

मंगळवारी डॉक्टरबाई वही घेऊन तिच्यासमोर बसल्या. चष्मा काढला, म्हणजे काहीतरी आहे. "हे बघ. पाचवा दिवस. विनाकारण चावली, आता खात नाही, कोपरा सोडत नाही. हे तीन एकत्र मला आवडत नाहीत." "गळूमुळे असेल, मॅडम." "गळू बरं होतंय. दुखून चावली असती तर मी म्हटलं असतं, सोड. पण तू म्हणतेस काही कारण नव्हतं, आणि तुझ्या हातातून जनावर उगाच निसटत नाही, मला माहीत आहे. म्हणून मी तुझं धरून चालते." बाईंनी वही मिटली. "गुरुवारपर्यंत बघू. नाही खाल्लं तर मला वर कळवावं लागेल, आणि मग पुढचं माझ्या हातात नाही." हीच वेळ होती. तोंडापर्यंत आलंसुद्धा, की मॅडम, ती उसळली नाही, मी सोडली. पण पुढचा प्रश्न दिसत होता ना, का सोडलीस, आणि त्याच्या पुढचा, आणि त्या सगळ्या प्रश्नांच्या शेवटी बाबा उभे होते, खिडकीशी, तिचा अंगठा हलवून बघत. ती म्हणाली, "खाईल, मॅडम. मी बसते तिच्यापाशी."

आणि बसली. मंगळवारची दुपार, बुधवारची सकाळ, पुस्तक मांडीवर घेऊन, न उघडता. जाड हातमोजा घालून पिंजऱ्याच्या दारातून डावा हात आत, बोटावर मऊ खाणं, एवढंसं. मांजर बघायची नाही. तीही बघायची नाही, कारण बघितलं की जनावराला ती मागणी वाटते, हे बाबांचं. काही म्हणायचं नाही, काही आठवायचं नाही. नसा नाहीत, कप्पे नाहीत. हात नुसता ठेवायचा, टेबलावर वाटी ठेवावी तसा. खूप दिवसांत तिनं इतकं रिकामं काहीच केलं नव्हतं. बुधवारी अकराच्या सुमाराला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, हातमोज्यातूनसुद्धा कळलं. मांजरीनं बोट चाटलं, मग पुन्हा, मग ताटली. वहीत तिनं डाव्या हातानं लिहिलं. थोडं खाल्लं. संध्याकाळी किल्लीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही डॉक्टर होणारच," आणि तिला वाटलं कुणीतरी पुन्हा अंगावर ओली गोधडी टाकली.

शनिवारी दुपारी, म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी, बाबांनी शेवटची पट्टी सोडली. सूज उतरली होती, भोकांवर खपली. आई कामावर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हॉल तिकीट, दोन पेनं, ओळखपत्र, सगळं आईनं सकाळीच मांडून ठेवलेलं, नेम धरून. बाबांनी कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि पुसता पुसता, मान वर न करता म्हणाले, "किल्लीवाल्याची कशी आहे?" "खाते आता. दिवसाला दोन ताटल्या." "हां." मग थोड्या वेळानं, "जनावर जोर लावून हातातून सुटतं ना, तेव्हा दात ओढले जातात. कातडी फाटते. माझं बघ," आणि त्यांनी तो घोड्याचा हात पुढे केला, वाकडातिकडा पांढरा ओरखडा, तिनं लहानपणापासून हजारदा बघितलेला. "तुझी चार भोकं आहेत. स्वच्छ. ओढाताण नाही. हात सैल पडल्याशिवाय असं चावता येत नाही कुणाला." कापूस पाण्यात पडला. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, पायरीगणिक धप्प धप्प. "पहिल्याच दिवशी कळलं तुम्हाला," ती म्हणाली. "अडतीस वर्षं दुसरं काय केलं मी."

"बाबा, चावली तेव्हा मला बरं वाटलं." हे ती इतकी हळू म्हणाली की तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. बाबांच्या पोटातून एक विचित्र आवाज आला, आणि तिनं बघितलं तर ते हसत होते. "मला पण वाटायचं. घोडा चावला तेव्हा आठ दिवस रजा होती. तुझ्या आईला अजून माहीत नाही, मी डॉक्टरला सांगून पंधरा करून घेतले." तिलाही हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू, दोन्ही अर्धवट. "मला जमतं ते, बाबा. म्हणजे पाठ आहे सगळं. पण मला..." "सांगू नको आत्ता," बाबा म्हणाले. ते दुखावले होते, त्यांना लपवता येत नव्हतं, ओठ एका बाजूनं ओढला गेला होता, हॉल तिकिटाकडे बघायचं ते टाळत होते. "नसेल जायचं तर जाऊ नको. मी आईशी बोलेन. मला वाईट वाटेल, ते माझं मी बघेन. पण एक कर. मांजरीवर ढकलू नको. तिनं धरलं नव्हतं काही, जे सुटायचं ते तुझ्याच हातातून सुटलंय." मग ते उठले, गुडघा कटकन वाजला, आणि पाण्याची वाटी मोरीत ओतायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

रविवारी ती आठला निघाली. आईनं पिशवीत पेनं टाकली, डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, सगळे गोल बघून भर. बाबा अंघोळीला गेले होते, किंवा तिथं जाऊन बसले होते. परीक्षेचं केंद्र डावीकडे, दवाखाना उजवीकडे, वेळ भरपूर, दोन्हीकडे जाता येईल एवढी. दवाखान्यात कुणी नव्हतं, किल्ली तिच्याकडे होती. मांजर पिंजऱ्याच्या मध्यभागी बसलेली, कान पुढे, गळवाच्या जागी नवीन केसांची पातळ काळी लव. ताटली चाटूनपुसून साफ. तिनं वही काढली. दहावा दिवस. खाते, पिते, वागणं नेहमीसारखं. मग मागची पानं उलटून त्या गुरुवारवर आली. विनाकारण. तिरका, हडकुळा शब्द, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा. पेन उजव्या हातात घेतलं. खपली ताणली, थोडं दुखलं, पण अक्षर तिचंच आलं. तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'धरणारीचा हात सैल पडला. मांजरीची चूक नाही.' खाली सही केली, पूर्ण नावाची.

पिंजऱ्याचं दार उघडलं. वाटलं मांजर उडी मारून पळेल. ती आलीच नाही. दहा दिवसांनी दार उघडं आहे यावर जनावराचा विश्वास बसत नाही, बसायला वेळ लागतो. तिनं हात घातला नाही, ओढली नाही, समोर स्टूल घेऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले. नववी नस आठवली, आपोआप, न बोलावता, आणि तिच्या मागून दहावी, अकरावी, बारावी, शहाण्या मुलींसारख्या ओळीत. तिनं त्यांना येऊ दिलं आणि जाऊ दिलं. सव्वानऊ. आत्ता उठली तर रिक्षा करून पोचता येत होतं. साडेनऊ. मांजरीनं एक पाय बाहेर ठेवला, जमीन चाचपली, आत घेतला. पावणेदहाला दुसरा. दहाला ती पूर्ण बाहेर आली, अंग ताणलं, मागचे पाय लांब करून, आणि टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला जाऊन उन्हाच्या तुकड्यात बसली, चाटायला लागली. कुठंतरी एका मोठ्या खोलीत घंटा झाली असेल.

तिनं बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "बाबा, मी गेले नाही." पलीकडे मागं आईच्या घरच्या शिलाई मशीनचा आवाज, आज सुट्टी असून.

"मांजर?" बाबांनी विचारलं.

"ठीक आहे."

"बरं." मग जरा वेळानं, "किल्लीवाला येईस्तोवर थांब तिच्यापाशी. एकटी सोडू नको. आणि मग घरी ये, जेवायचे थांबलोय."